कॉम्प्युटरचा सातबारा: कमांडने सॉफ्टवेअर टाकणं आणि काढणं

आमच्या वाचनालयाचे जुने वार्षिक अहवाल खिळ्यांच्या छपाईतले आहेत. कागद पिवळा पडलाय, हात लावला की कडा सुटतात. त्यांचे फोटो काढून त्यातला मजकूर शोधता येईल असा करायचं काम आम्ही गेल्या वर्षी हाती घेतलं. त्यासाठी टेसरॅक्ट नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. फोटो दिला की त्यातली अक्षरं ओळखून ते मजकुराची फाईल बनवतं (या कामाला ओसीआर म्हणतात), आणि त्याला मराठीही येतं. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर उबुंटू लिनक्स आहे. मी टर्मिनलची काळी खिडकी उघडून टाइप करायला सुरुवात करणार, तेवढ्यात ग्रंथपाल ताईंनी विचारलं, "दादा, हे टाकलं आणि उद्या नको झालं, तर पूर्ण निघेल ना? मागे एकाने काहीतरी टाकून दिलं होतं, ते अजून कुठे कुठे बसलंय कोण जाणे."

टाकायच्या आधी काढायचं विचारणारी माणसं मला फार कमी भेटलीत. सॉफ्टवेअर कसं टाकायचं हे सांगणारे ढीगभर सापडतात. काढायचं कसं हे सांगायची वेळ आली की "डिलीट करून टाका" एवढ्यावर भागवतात. खरं तर दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, कॉम्प्युटर आपल्याकडे ठेवतो त्या नोंदीत. ती नोंद कुठे असते, कोण करतं, आणि ती न करता मागच्या दाराने काही टाकलं तर काय होतं, हे एकदा समजलं की टर्मिनलची भीती बरीचशी जाते.

एक गोष्ट आधीच सांगतो. पुढे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. कॉम्प्युटरवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, ॲप्ट म्हणजे ए-पी-टी. जिथे आडवी रेघ आहे तिथे रेघच द्यायची, जागा सोडायची नाही.

आम्ही टाइप केलं ते असं:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-मार

सुडो म्हणजे "हे काम मालकाच्या अधिकारात कर". म्हणून तो पासवर्ड विचारतो. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. नवखा माणूस इथे हमखास थांबतो आणि कीबोर्ड बिघडला असं समजतो. तुम्ही टाइप करत राहा आणि एंटर दाबा. ॲप्ट हा सामान आणणारा कारभारी. इन्स्टॉल हे त्याला सांगितलेलं काम. शेवटची दोन नावं म्हणजे पॅकेजं: पहिलं टेसरॅक्टचं मुख्य पॅकेज, दुसरं त्याला मराठी वाचायला शिकवणारं. मार ही मराठीची तीन अक्षरी खूण आहे, इंग्रजीची इंग आहे तशी.

एंटर दाबल्यावर लगेच काही उतरवलं जात नाही. आधी ॲप्ट हिशोब मांडतो. तो सांगतो की तुम्ही दोन पॅकेजं मागितलीत, पण त्यांच्यासोबत आणखी काही लागणार आहेत. आमच्या यादीत इंग्रजीचं पॅकेज होतं, पानाची दिशा ओळखणारं ओएसडी होतं, आणि लिब या अक्षरांनी सुरू होणारी काही नावं होती. लिब म्हणजे लायब्ररी, अनेक प्रोग्रॅमना सामाईक लागणारे तयार भाग. फोटो उघडायचं, सरळ करायचं, काळं-पांढरं करायचं काम टेसरॅक्ट स्वतः करत नाही, ते लेप्टोनिका नावाच्या अशाच एका लायब्ररीकडून करून घेतो. ॲप्टला हे ठाऊक असतं, म्हणून तो तीही आणतो. याला इंग्रजीत डिपेन्डन्सी म्हणतात. आपण अवलंबित्व म्हणू शकतो, पण बोलताना "याला ते लागतं" एवढं पुरे.

यादीखाली किती उतरवावं लागेल आणि डिस्कवर किती जागा जाईल हे आकडे येतात, आणि मग प्रश्न: पुढे जाऊ का? कंसात वाय मोठा आणि एन लहान छापलेला असतो. मोठं अक्षर म्हणजे नुसता एंटर दाबलात तर तेच उत्तर धरलं जाईल. म्हणजे न वाचता एंटर मारला तर तो होकार. हे लक्षात ठेवा, पुढे काढायच्या वेळी याची फार गरज पडणार आहे.

पुडक्यात काय असतं

उबुंटू आणि तिचं मूळ घराणं असलेली डेबियन या दोन्हींवर पॅकेज म्हणजे एक फाईल असते, तिच्या नावाच्या शेवटी डेब असतं. ती फाईल उघडली तर आत तीन गोष्टी निघतात. पहिली अगदी छोटी, पुडकं कोणत्या पद्धतीने बांधलंय ते सांगणारी. दुसऱ्या गठ्ठ्यात माहिती असते: पॅकेजचं नाव, आवृत्ती, सांभाळणारा कोण, याला काय काय लागतं, कशाशी याचं जमत नाही. तिसऱ्या गठ्ठ्यात खरा माल, म्हणजे प्रत्येक फाईल आणि ती कॉम्प्युटरवर नेमकी कुठे ठेवायची ते.

माहितीच्या गठ्ठ्यात आणखी एक गोष्ट असू शकते, आणि तिच्याबद्दल थोडं सावध राहायला हवं. टाकण्याआधी, टाकल्यानंतर, काढण्याआधी, काढल्यानंतर चालवायच्या छोट्या छोट्या आज्ञांच्या फाईली. एखादी सेवा सुरू करायची असेल, एखादा वापरकर्ता तयार करायचा असेल, तर ती कामं या फाईली करतात. त्या मालकाच्या पूर्ण अधिकारात चालतात. म्हणून कुठूनही मिळालेलं डेब उघडून टाकणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात घराच्या सगळ्या किल्ल्या देणं आहे.

मग ॲप्ट जे आणतो त्यावर विश्वास का ठेवायचा? कारण तिथे साखळी आहे. ॲप्ट जिथून सामान आणतो ते उबुंटूचं भांडार. वितरण करणारे लोक त्या भांडाराच्या मुख्य यादीवर डिजिटल सही करतात. त्या यादीत पुढच्या सविस्तर याद्यांचे ठसे असतात, आणि त्या सविस्तर याद्यांत प्रत्येक पॅकेजचा ठसा. एका फाईलीत एक अक्षर जरी बदललं तरी ठसा जुळत नाही आणि ॲप्ट ती नाकारतो. सही तपासायची किल्ली तुमच्या कॉम्प्युटरवर पहिल्या दिवसापासून असते. एखादा लेख तुम्हाला "आधी हे नवीन भांडार जोडा, ही किल्ली टाका" असं सांगत असेल, तर तो तुम्हाला त्या भांडाराच्या मालकावर तितकाच विश्वास ठेवायला सांगतोय. कधी कधी ते योग्यही असतं. पण आपण काय करतोय ते माहीत असावं.

सातबारा आणि आठ-अ

आता ताईंच्या प्रश्नाचं मूळ. ॲप्ट सामान आणतो, पण ते उघडून जागच्या जागी ठेवण्याचं आणि नोंद करण्याचं काम त्याच्या हाताखालचा दुसरा माणूस करतो. त्याचं नाव डीपीकेजी. ॲप्ट जर बाजारात जाणारा असेल, तर डीपीकेजी तलाठी आहे. प्रत्येक फाईल कोणत्या पॅकेजच्या नावावर आहे हे त्याच्या दप्तरात लिहिलेलं असतं.

गावाकडच्यांना हे पटकन कळेल. एखाद्या गट नंबरची जमीन कोणाची हे पाहायचं तर सातबारा काढतो. एका खातेदाराच्या नावावर एकूण काय काय आहे हे पाहायचं तर आठ-अ काढतो. डीपीकेजीकडे हे दोन्ही उतारे मिळतात. फाईल माहीत आहे, मालक शोधायचाय:

डीपीकेजी -एस /यूएसआर/बिन/टेसरॅक्ट

यातला एस मोठा. उत्तर येतं, टेसरॅक्ट-ओसीआर. हा झाला सातबारा. आता मालक माहीत आहे, त्याची सगळी मिळकत पाहायचीय:

डीपीकेजी -एल टेसरॅक्ट-ओसीआर-मार

इथेही एल मोठा. लगेच यादी येते. मराठीच्या पॅकेजची मिळकत फार थोडी आहे: मार नावाची शिकवणीची एक फाईल, म्हणजे मराठी अक्षरांचे आकार ज्यात साठवलेत ती, आणि परवाना व बदलांची नोंद असलेली दोन-तीन कागदपत्रं. मी ताईंना ती यादी पडद्यावर दाखवली. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि म्हणाल्या, "म्हणजे निघताना एवढंच निघणार आणि दुसऱ्याचं काही जाणार नाही." नेमकं तेच.

दोन पॅकेजांनी एकाच जागेवर एकाच नावाची फाईल ठेवायचा प्रयत्न केला तर डीपीकेजी दुसऱ्याला अडवतो. "ही फाईल अमुक पॅकेजमध्येही आहे, तिच्यावर लिहू देणार नाही" असा संदेश देऊन थांबतो. बांधाचा वाद आधीच मिटवून घ्या म्हणतो. बरेच लोक इथे जबरदस्तीने पुढे जायची कमांड शोधतात. ती आहे, पण ती वापरून एका फाईलीला दोन मालक झाले, की पुढे काढताना कोणाचं काय मोडेल सांगता येत नाही.

फेरफाराची वहीसुद्धा असते. व्हार, त्यात लॉग, त्यात ॲप्ट या फोल्डरात हिस्टरी नावाची फाईल पाहा. कोणत्या दिवशी किती वाजता कोणती कमांड दिली गेली, कोणत्या वापरकर्त्याने दिली, त्यातून काय आलं आणि काय गेलं, सगळं तारीखवार. त्या आधीच्या गृहस्थांनी काय टाकलं होतं ते आम्हाला या वहीत शोधावं लागलं. सापडलं नाही. ते का, हे पुढे येईल.

हे सगळं कधीपासून आहे, असं वाटेल. डेबियन सुरू केली इयान मर्डॉक या तरुणाने, १९९३ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकत असताना. त्याआधी लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकायचं म्हणजे बहुतेकदा मूळ कोडचा गठ्ठा उतरवायचा, स्वतः बांधायचा, मग कळायचं की याला आणखी एक लायब्ररी लागते, तिला आणखी दोन लागतात, आणि त्यातली एक आधीच्या आवृत्तीचीच हवी. रात्री जायच्या. डीपीकेजी पुढच्या वर्षी आला. त्याने नोंद ठेवली, पण लागणारं सामान शोधून आणायचं काम माणसाकडेच राहिलं. ते ॲप्टने उचललं, १९९९ च्या मार्चमध्ये डेबियनच्या २.१ आवृत्तीबरोबर. उबुंटू २००४ च्या ऑक्टोबरमध्ये याच पायावर उभी राहिली. आज डेबियनच्या भांडारात ६० हजारांहून अधिक पॅकेजं आहेत, आणि ती सांभाळणारे बहुतेक जण स्वयंसेवक आहेत. त्यांच्यातल्याच कोणी तरी ॲप्टचे संदेश मराठीतही आणलेत. ॲप्टच्या मूळ कोडात मराठी भाषांतराची फाईल आहे. ज्यांना आपण कधी भेटणार नाही अशा माणसांनी आपल्यासाठी एवढं करून ठेवावं, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

अपडेट आणि अपग्रेड

ही जोडी सगळ्यांना गोंधळात पाडते, म्हणून थोडक्यात. ॲप्ट अपडेट म्हटलं की कोणतंही सॉफ्टवेअर बदलत नाही. फक्त भांडारात आज काय आहे त्याची ताजी यादी येते. ॲप्ट अपग्रेड म्हटलं की त्या यादीप्रमाणे घरातलं जुनं सामान बदलून नवं येतं. म्हणून आधी अपडेट, मग अपग्रेड किंवा इन्स्टॉल. यादी महिनोन्महिने जुनी असेल आणि तुम्ही इन्स्टॉल केलंत, तर ॲप्ट भांडाराकडे अशी आवृत्ती मागतो जी तिथून केव्हाच गेली, आणि ४०४ ची चूक येते. बहुतेक वेळा एक अपडेट दिलं की ती मिटते.

काढण्याच्या तीन पायऱ्या

आता काढणं. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

पहिली पायरी रिमूव्ह:

सुडो ॲप्ट रिमूव्ह टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-मार

डीपीकेजी आपला आठ-अ उघडतो आणि त्या पॅकेजांच्या नावावरच्या फाईली उचलतो. पण सगळ्या उचलत नाही. ईटीसी या फोल्डरातल्या सेटिंगच्या फाईली मुद्दाम ठेवतो. कारण त्या तुम्ही हाताने बदललेल्या असू शकतात. उद्या तेच सॉफ्टवेअर परत टाकलंत तर तुमची सेटिंग तशीच्या तशी मिळावीत, हा त्यामागचा विचार. वेबसाइट चालवणाऱ्या एनजिनएक्ससारख्या पॅकेजच्या बाबतीत हे वरदान असतं, दोन दोन दिवस बसून जुळवलेली सेटिंग वाचतात.

दुसरी पायरी पर्ज. रिमूव्हच्या जागी पर्ज लिहिलं की सेटिंगच्या फाईलीही जातात. आधी रिमूव्ह केलेल्या पॅकेजवर नंतर पर्ज चालवलं तरी चालतं. अशी अर्धवट राहिलेली पॅकेजं शोधायची तर डीपीकेजी -एल द्या, या वेळी एल लहान. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरं दिसतात. आय-आय असेल तर पॅकेज नीट बसलेलं आहे. आर-सी असेल तर पॅकेज गेलंय आणि फक्त सेटिंग मागे राहिलीत.

पर्ज करताना एका ठिकाणी हात आखडता घ्या. मारियाडीबीसारखा डेटाबेस पर्ज केला तर तो विचारतो की आतला डेटाही पुसायचा का. तिथे तुमची सगळी माहिती असते. सेटिंग परत लिहिता येतात, सभासदांची नोंदवही परत कुठून आणणार? आधी प्रत काढून ठेवा, मग उत्तर द्या.

आणि पर्जसुद्धा तुमच्या घरच्या फोल्डरात, म्हणजे होममध्ये, काहीच करत नाही. एखाद्या प्रोग्रॅमने तिथे आपलं बिंदूने सुरू होणारं लपलेलं फोल्डर केलेलं असेल तर ते तसंच राहतं. पॅकेजवाल्यांनी वापरकर्त्याच्या घरात हात घालायचा नाही, ही डेबियनची जुनी शिस्त आहे, आणि ती बरोबरच आहे. ते फोल्डर नको असेल तर तुम्ही स्वतः पाहून काढायचं.

तिसरी पायरी ऑटोरिमूव्ह. आठवतंय ना, दोन पॅकेजं मागितली तेव्हा सोबत आणखी काही आली होती? ॲप्टने त्यांच्यापुढे "आपणहून आलेली" अशी खूण करून ठेवली होती. मुख्य पॅकेज गेलं की तो पाहतो, या आपणहून आलेल्यांची आता आणखी कोणाला गरज आहे का. नसेल तर रिमूव्हनंतर सांगतो की ही ही पॅकेजं आता कोणाला लागत नाहीत, ऑटोरिमूव्ह देऊन काढू शकता. जी लायब्ररी दुसऱ्या प्रोग्रॅमलाही लागते ती तो यादीत घेत नाही. लेप्टोनिका आणि ओएसडी जातात ती इथे, तिसऱ्या पायरीवर.

ऑटोरिमूव्हवर माझा विश्वास आहे, पण यादी वाचल्याशिवाय मी एंटर देत नाही. कधी कधी एखादी गोष्ट आपणहून आलेली असते आणि नंतर तुम्ही ती रोज वापरायला लागता. तिच्यापुढची खूण बदलायची सोय आहे, ॲप्ट-मार्क मॅन्युअल आणि पुढे पॅकेजचं नाव. मग ती तुम्ही स्वतः मागितल्यासारखी धरली जाते.

यादी वाचा

काढताना ज्या चुका होतात त्यातल्या बहुतेक कमांडच्या नसतात, न वाचलेल्या यादीच्या असतात. उदाहरणच देतो. उबुंटूवर कोणी तरी विचार करतं, मला पायथन लागत नाही, काढून टाकू. पण पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा आहे, आणि उबुंटूच्या डेस्कटॉपचे कितीतरी भाग तिच्यावर उभे आहेत. पायथन ३ काढायला सांगितलं की ॲप्ट त्यावर अवलंबून असलेलं सगळं काढायची तयारी करतो, आणि लांबलचक यादी दाखवतो. वर रिमूव्ह्ड (ॲप्टच्या नव्या आवृत्तीत रिमूव्हिंग) हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. एक पॅकेज काढायला सांगितलं आणि यादीत शंभर नावं आली, तर तिथेच एन दाबायचा. त्यात "डेस्कटॉप" हा शब्द कुठेही दिसला तर हात कीबोर्डवरून उचला.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये हे साऱ्या जगाने पाहिलं. एका प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे कॉम्प्युटरवरच्या खेळांचं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. त्या दिवसांत भांडारातल्या काही पॅकेजांचं एकमेकांशी जुळत नव्हतं, आणि स्टीम टाकण्यासाठी ॲप्टने डेस्कटॉपच काढायचं ठरवलं. ॲप्टने इशारा दिला होता. "होय, मी सांगतो तसं कर" अशा अर्थाचं पूर्ण इंग्रजी वाक्य टाइप केल्याशिवाय तो पुढे जाणार नव्हता. त्याने ते वाक्य टाइप केलं, आणि पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा डेस्कटॉप गेलेला होता. पॉप ओएसवाल्यांनी चूक दुरुस्त केली, आणि ॲप्टमध्येही पुढे ही वाट आणखी कडक करण्यात आली. मी त्या माणसाला दोष देत नाही. टर्मिनल इतकं सगळं छापत असतं की महत्त्वाची ओळ त्यात बुडून जाते. म्हणून तर यादी वाचायची सवय लावून घ्यायची.

सवय लागेपर्यंत एक सोपी युक्ती आहे. ॲप्ट रिमूव्हनंतर -एस द्या. मग ॲप्ट फक्त काय काय होईल ते दाखवतो, प्रत्यक्षात काही करत नाही. आणि लेखांतल्या कमांडमध्ये शेवटी -वाय दिसला तर तो काढून टाइप करा. -वाय म्हणजे "मला विचारू नकोस".

लाइट गेली तर

पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाते आणि वाचनालयाचा यूपीएस पाच मिनिटंही टिकत नाही. एकदा अपग्रेड चालू असतानाच ती गेली. परत सुरू केलं तेव्हा ॲप्ट काहीच करेना. म्हणाला, डीपीकेजीचं काम मध्येच थांबलंय, आधी ते पूर्ण करा. ताई घाबरल्या. पण या संदेशातच उत्तर दिलेलं असतं:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

पॅकेज बसतं ते दोन टप्प्यांत. आधी फाईली उघडून जागेवर ठेवल्या जातात, मग ते कामाला लावलं जातं. डीपीकेजी कोणतं पॅकेज कोणत्या टप्प्यावर आहे हे लिहून ठेवतो, म्हणून वीज गेली तरी त्याला ठाऊक असतं की कुठून पुढे जायचं. दोनेक मिनिटांत सगळं मार्गी लागलं. एवढ्यानेही भागलं नाही तर सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल.

दुसरा नेहमीचा संदेश म्हणजे कुलूप मिळत नाही. दप्तरात एका वेळी एकानेच लिहायचं असा नियम आहे. उबुंटू सुरू झाल्यावर सुरक्षेच्या सुधारणा आपोआप आणते, त्या वेळी कुलूप तिच्याकडे असतं. थोडा वेळ थांबायचं. कुलपाची फाईल पुसून टाका असा सल्ला खूप ठिकाणी दिसेल. कृपया तसं करू नका. दोघांनी एकाच वेळी दप्तरात लिहिलं तर दप्तरच बिघडेल.

दप्तराबाहेरचं

आधीच्या त्या गृहस्थांनी टाकलेलं वहीत का सापडलं नाही? त्यांनी ते ॲप्टकडून टाकलंच नव्हतं. मूळ कोड उतरवून, बांधून, मेक इन्स्टॉल देऊन /यूएसआर/लोकल या फोल्डरात ठेवलं होतं. तिथल्या फाईलीचा सातबारा मागितला तर डीपीकेजी सांगतो की असा मार्ग कोणाच्याच नावावर नाही. ते गैर आहे असं मी म्हणणार नाही, कधी दुसरा इलाज नसतो. पण मग नोंद आपण ठेवायची: काय आणलं, कुठे ठेवलं, कधी. तेव्हा ती ठेवली गेली नव्हती, म्हणून आम्हाला एकेक फाईल तपासून काढावी लागली. एक आख्खी दुपार गेली. एकाच ओळीत इंटरनेटवरून काहीतरी ओढून थेट चालवायला सांगणाऱ्या कमांडची गतही हीच.

पायथनच्या लायब्ररी आणणारा पिप हा आणखी वेगळा मामला. त्याची स्वतःची वही असते, ॲप्टची वेगळी. पूर्वी दोघंही एकाच शेतात लिहायचे आणि एकाने बदललेली लायब्ररी दुसऱ्याचा प्रोग्रॅम पाडायची. म्हणून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून आणि त्याच वर्षीच्या उबुंटू २३.०४ पासून पिपला सिस्टिममध्ये थेट टाकू देत नाहीत. "हे क्षेत्र दुसऱ्या कोणाच्या देखरेखीखाली आहे" अशा अर्थाची चूक येते. ती चूक दाबून टाकणारा पर्याय आहे, पण तो वापरू नका. प्रत्येक कामासाठी व्हेन्व्ह नावाचं वेगळं फोल्डर करा आणि पिपने त्यात टाका. त्याचा मोठा फायदा काढताना कळतो: ते फोल्डर पुसलं की सगळं गेलं. उबुंटूवर सॉफ्टवेअर आणणारा दुसरा कारभारी, स्नॅप, हाही असाच स्वतःची वही ठेवतो. स्नॅपने टाकलेलं स्नॅप रिमूव्हनेच निघतं.

मॅकवाल्यांसाठी होमब्रू आहे, २००९ पासून. ब्रू इन्स्टॉल, ब्रू अनइन्स्टॉल, ब्रू ऑटोरिमूव्ह, विचार तोच. विंडोजवर मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये विंगेट आणलं. तिथे बरेचदा खाली प्रत्येक कंपनीचा आपापला इन्स्टॉलरच चालतो, त्यामुळे काढताना काय मागे राहील ते त्या इन्स्टॉलरवर अवलंबून असतं. म्हणून मला लिनक्सची पद्धत जास्त भरवशाची वाटते.

अहवालांचं काम आता संपत आलंय. १९६० च्या दशकातला बारीक टाइप टेसरॅक्टला नीट वाचता येत नाही, ते हाताने तपासावं लागतं, पण बाकी मजकूर शोधता येतो. दरम्यान वाचनालयाला दुसरा कॉम्प्युटर मिळाला. जुन्यावर ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल दिलं की आपण स्वतः मागितलेल्या पॅकेजांची यादी येते. तिच्यात उबुंटू बसवताना आलेलीही बरीच नावं असतात, ती गाळावी लागतात. ताईंनी ती यादी छापून घेतली, नको त्यांवर लाल पेनने रेघा मारल्या, आणि उरलेली नावं नव्या कॉम्प्युटरवर एकेक करून स्वतः टाइप केली. टेसरॅक्ट-ओसीआरपाशी आल्यावर ॲप्टने जास्तीचं काय काय आणणार ते दाखवलं. एंटरवर बोट ठेवून त्यांनी ती सगळी नावं वरपासून खालपर्यंत वाचली, आणि मग दाबलं.